धुराडं कुणाच्या छपरावर

1912 साली मुंबई सरकारनं धुराविरुद्ध कायदा केला. ‘बॉम्बे स्मोक न्यूसन्सेस ॲक्ट’ असं त्याचं नाव. गिरण्या-कारखान्यांच्या भट्ट्यांतून काळा धूर किती निघतो, किती वेळ निघतो, यावर नजर ठेवायला निरीक्षक आले, मालकाला दंड करायची सोय झाली. मुंबईत पहिली कापडगिरणी काढायची खटपट कावसजी दावर यांनी 1854 मध्ये सुरू केली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ-लालबागच्या आकाशात इतकी धुराडी उभी राहिली की असा कायदा यायलाच हवा होता. पण त्याचा सगळा रोख भट्टीवर. भोंग्याच्या आधी उठून नवऱ्याचा डबा करणारी बाई जी चूल फुंकत होती, तिच्यावर धुराडं नव्हतं आणि तिच्या धुराची नोंद घेणारा निरीक्षकही नव्हता.

धुराडं ही चीज आपल्याकडे ठाऊकच नव्हती असं कुणी सांगितलं तर मला ते पटत नाही. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कमनं 1828-29 च्या सुमारास महाबळेश्वरला वस्ती वसवली, आणि साहेबांच्या बंगल्यांत दिवाणखान्यातल्या शेकोटीवर दगडी धुराडी चढली. बांधणारे गवंडी आपलेच. बंगल्याचा बबर्चीखाना मात्र मागं, वेगळा असे. साहेबाच्या नाकाला धूर लागू नये म्हणून स्वयंपाकघरच लांब नेलं, की प्रश्न मिटला.

एवढं लांब तरी कशाला जा! कराडकडे माझ्या मामांचं गुऱ्हाळ होतं. जमिनीत खणलेलं चुलवण, त्यावर काहील, आणि मागं विटांचं उभं धुराडं. चुलव्या एका तोंडानं चिपाडं सारत बसायचा आणि जाळ काहिलीच्या बुडाखालून सरळ मागं ओढला जायचा. मामा सांगायचे, धुराडं खचलं, त्याला भेग पडली, की चिपाड जास्त लागतं आणि रस आटायला वेळ लागतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी ते स्वतः उभं राहून धुराड्याच्या भेगा लिंपून घेत. त्याच मामांच्या घरात मामी पदरानं डोळे पुसत भाकरी थापायच्या. चिपाड विकत मिळत नसलं तरी त्याचा हिशेब होता. घरच्या चुलीचं जळण मामीच रानातून आणायच्या, त्यामुळे ते कुठल्याच हिशेबात आलं नाही. माझ्या मते आपल्या स्वयंपाकघराच्या धुराचा इतिहास इथंच उलगडतो. ओढ कशी लावायची हे ठाऊक होतं. ती कुणासाठी लावायची, एवढंच ठरलेलं नव्हतं.

मी पंचायत समितीत नोकरी केली आणि तिच्यातली बरीच वर्षं निर्धूर चुलींच्या मागं गेली. त्यामुळे जुन्या घरात गेलं की बाकीचे लोक देवघर, कोरीव खांब, तुळया बघतात आणि मी आधी छपराकडे बघते. धूर जायचा कुठून?

माझं माहेर माण तालुक्यातलं. पाऊस बेताचा, त्यामुळे घरं माळवदाची. तुळया, त्यावर किलचण, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. स्वयंपाकघराला खिडकी नाही. चुलीच्या वर, जरा बाजूला, माळवदात हातभर भोक, त्याला सानं म्हणायचं. उजेड तिथनं यायचा आणि धूर तिथनंच जायचा. दोघांची एकच वाट, त्यामुळे सकाळी सान्यातून येणारा उन्हाचा पट्टा निळा दिसे. पावसाची सर आली की कुणीतरी जिन्यानं वर पळत जाऊन सान्यावर पत्रा नाहीतर परात पालथी घालायचं, आणि खाली धूर कोंडायचा. आजीला विचारलं तर ती म्हणे, “धूर कुठं खातोय? आपण त्याच्याखाली बसावं.” ते खरंच होतं. कोंडलेला धूर वर तरंगतो, जमिनीपासून दीड-दोन हात हवा त्यातल्या त्यात बरी असते. आपल्या बायका बसून स्वयंपाक करायच्या त्याची कारणं पुष्कळ सांगतात, हे एक त्यात धरायला हरकत नाही.

धूर काही नुसताच त्रास देत नव्हता. माळवदाच्या लाकडावर काजळीचा जो चकचकीत थर बसे त्यानं वाळवी, भुंगा लांब राहायचा. बियाण्याची कणसं चुलीवरच्या आढ्याला टांगलेली असत. लग्नानंतर मी चिपळूणकडे गेले तर तिथं हेच दुसऱ्या रूपात. नळ्यांच्या कौलांचं छप्पर, त्याच्या फटीफटीतून धूर गळून जायचा, बाहेरून बघावं तर अख्खं घर वाफारल्यासारखं दिसायचं. वेगळं धुराडं तिथंही नाही. पण पावसाळ्याचे चार महिने चुलीवरची जागा म्हणजे घरातली एकुलती एक कोरडी जागा. मीठ तिथं, आमसुलं तिथं, सुकी मासळी तिथं, ओलं जळणही तिथंच आडव्या बांबूंवर वाळत घातलेलं. सासूबाईंना कुणी सांगितलं असतं की हा धूर आम्ही पाइपातून बाहेर घालवतो, तर त्यांनी पहिलं विचारलं असतं, मग माझं मीठ कुठं ठेवू? पुढं नोकरीत हाच प्रश्न मला वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या बायकांनी विचारला, आणि मुंबई-दिल्लीच्या पुस्तिकांमध्ये त्याचं उत्तर नव्हतं.

शहरात धुराचा हा उपयोग संपला आणि त्रास तेवढा उरला. 1920 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी इथं मिळून 207 चाळी उभारल्या. खोली साधारण 160 चौरस फुटांची. मध्ये बोळासारखा व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या. माझी आत्या नायगावला होती. तिथली रीत अशी, की कोळशाची शेगडी खोलीत पेटवायची नाही. ती व्हरांड्यात न्यायची, खाली रद्दी, वर लाकडाच्या ढलप्या, त्यावर कोळसा, आणि पुठ्ठ्यानं वारा घालत बसायचं. धूर संपून निखारा लाल झाला की चिमट्यानं उचलून आत. पण व्हरांडा इमारतीच्या पोटात, दोन्ही टोकांना तेवढी हवा. एका मजल्यावरच्या सगळ्या शेगड्या एकाच वेळी पेटल्या म्हणजे समोरच्या दाराचा नंबर दिसत नसे. आणि धूर गेला म्हणून सगळं गेलं असंही नाही. लाल निखाऱ्यातून विषारी वायू येतच असतो, फक्त तो दिसत नाही. दारं लावून शेगडीजवळ झोपू नये हे आत्याला कुणी शास्त्र म्हणून सांगितलेलं नव्हतं, ऐकीव घटनांवरून तिला ते ठाऊक होतं.

मग घासलेट. स्वीडनच्या लिंडक्विस्टनं 1892 मध्ये प्रायमस स्टोव्ह काढला आणि तो आपल्या घरांत इतका मुरला की कंपनी कुठलीही असो, लोक प्रायमसच म्हणत. पंप मारायचा, पिन घालायची, काकडा पेटवून बर्नर तापवायचा, आणि मग तो भर्रर्र आवाज. स्वयंपाकघरात यंत्राचा आवाज पहिल्यांदा आला तो हा. त्याआधी फुंकणीचा, फोडणीचा, भाकरी थापल्याचा आवाज होता, पण तो माणसाच्या हाताबरोबर सुरू व्हायचा आणि थांबायचा. स्टोव्ह पेटला की शेजारच्या खोलीतल्याशी ओरडून बोलावं लागे. तरी बायकांनी तो डोक्यावर घेतला. एक तर धूर नाही, भांडी काळी होत नाहीत. दुसरं, सासूच्या आधी उठून चूल पेटवायची सक्ती सुटली. पुढं 1970 च्या दशकात इंडियन ऑइलचा वातींचा ‘नूतन’ आला, तो मुका होता, पण मंद. स्टोव्हची काळी बाजूही सांगितली पाहिजे. 1980 च्या सुमारास वर्तमानपत्रात ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ अशा बातम्या येत आणि वाचणाऱ्या प्रत्येक बाईला कळे की सगळे भडके स्टोव्हचे नाहीत. सासरच्या छळाविरुद्धचं 498-अ कलम भारतीय दंडविधानात आलं ते 1983 मध्ये.

त्याच 1983 मध्ये केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला, आणि माझा संबंध आला तो इथं.

कल्पना नवी नव्हती. वर्ध्याला 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघत. मगनलाल गांधींच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या संघाच्या मगनवाडीतूनच पुढं ‘मगन चूल’ आली: मातीची, लांबट, एका जाळावर ओळीनं भांडी, आणि शेवटी धूर नेणारी नळी. 1953 च्या सुमारास हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी त्याच वाटेवरची आणखी एक चूल बसवली. म्हणजे स्वातंत्र्याच्या आगेमागे हे सगळं कागदावर तयार होतं. पुढची तीस वर्षं ते प्रदर्शनात राहिलं.

आम्ही बांधत होतो ती दोन भांड्यांची चूल. माती, भुसा, शेण आठवडाभर कुजवायचं, पायानं तुडवायचं. पुढं जाळाचं तोंड, मधून वैलाकडे जाणारं बोगदं, आणि वैलाच्या मागून भिंतीला लागून वर चढणारा सिमेंटचा पाइप, छपराच्या बाहेर, डोक्यावर टोपी. बोगद्याचं तोंड किती ठेवायचं हे सगळ्यात नाजूक काम. मोठं झालं तर सगळी आच पाइपातून निघून जाते, बारीक झालं तर धूर पुढच्या तोंडातून बाईच्याच अंगावर. माझ्याबरोबर एक कुंभारीण होती. ती मोजपट्टी वापरायचीच नाही, तीन बोटं आडवी धरायची आणि सुरीनं माती कापायची. तिच्या चुली जास्त टिकल्या.

पहिल्या दिवशी गावात कौतुक असे. ओला फाटा घालून दाखवायचा, आत धूर नाही, बाहेर टोपीतून मात्र लोट. पोरं ओरडत बाहेर पळायची. सरपंच नारळ फोडायचे. दोन महिन्यांनी त्याच गावात परत गेलं की चित्र वेगळं. चुलीचं तोंड खुरप्यानं मोठं केलेलं. का? कारण भाकरी. भाकरी तव्यावर अर्धीच होते. मग ती तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी, ओढून घेतलेल्या आरावर उभी करायची, तेव्हा ती फुगते. आमच्या नकाशातल्या तोंडात भाकरी उभी राहत नव्हती. नकाशा ज्यांनी काढला ते पोळी-भातवाले असावेत, असं आम्ही आपसात म्हणायचो. तोंड मोठं झालं की ओढ बिघडली, ओढ बिघडली की धूर घरात, आणि मग वैल दगडानं बंद. पाइप नुसता भिंतीला टेकून उभा.

काही ठिकाणी पाइप छपराच्या वर नीट काढलेलाच नसायचा. माळवदात भोक पाडायचं म्हणजे पावसात गळणार, म्हणून घरधनी नको म्हणायचा. मग पाइप भिंतीतून आडवा बाहेर. आडव्या पाइपाला ओढ कुठली? गरम हवा हलकी म्हणून वर चढते, जितका पाइप उंच तितकी ती खालची हवा ओढून नेते, सगळी किमया उंचीत आहे. आडवा पाइप आणि त्यावर समोरून वारा, म्हणजे धूर माघारी. आणि जिथं सगळं बरोबर होतं तिथं सफाई. काजळी साचून पाइप आतून चिंचोळा होतो, दर महिन्याला टोपी काढून चिंधी बांधलेली काठी फिरवावी लागते. छपरावर चढायचं काम पुरुषाचं, धूर खायचं काम बाईचं. चढणाऱ्याला त्रास नव्हता, त्रास होणारीनं चढायचं नव्हतं. मी शेवटी शेवटी प्रात्यक्षिकाला नवऱ्यांना बसवायला लागले. बसायचे, बिडी ओढत.

2002 मध्ये केंद्रानं तो कार्यक्रम थांबवून राज्यांवर सोडला, तोवर देशभरात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसल्याची नोंद होती. बसल्या यात खोटं नाही. किती पेटत होत्या हे वेगळं. तरी तो सगळा पैसा मातीत गेला असं मी म्हणणार नाही. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेनं पुढं बरंच डोकं लढवलं. उसाच्या पाचटाचा कोळसा करायच्या त्यांच्या पद्धतीला 2002 मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला, आणि मूठभर कोळशावर डाळ-भात शिजवणारा त्यांचा सराई कुकर मी स्वतः वापरला आहे. धुराडं बांधायचं टाळून धूरच होऊ द्यायचा नाही, हा दुसरा रस्ता.

तोच रस्ता गॅसनं धरला होता, फार आधी. बर्मा-शेलनं 1955 मध्ये मुंबईत ‘बर्शेन’ नावानं सिलिंडर विकायला सुरुवात केली, ‘इंडेन’ 1965 मध्ये आला. आमच्या पिढीला आठवतो तो गॅसचा नंबर. नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायची, खासदाराच्या कोट्यातून कूपन मिळतंय का बघायचं. गॅस आला आणि बाई उभी राहिली. चूल जमिनीवर होती, शेगडी-स्टोव्ह फार तर पाटावर. सिलिंडरची नळी वर चढली आणि कडप्प्याचा ओटा बांधला गेला. पुण्यात 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पेठांतले कितीतरी वाडे पडले, नव्या वसाहतींत लोक गेले, आणि तिथं खालच्या चुलीला जागाच उरली नाही.

आता धूर संपला, असं सगळ्यांनी धरलं. नळीतून निळी ज्योत, काजळी नाही. पण ओट्यावर उभं राहिल्यानं नाक नेमकं फोडणीच्या वर आलं. तेल तापून त्याचा सूक्ष्म फवारा उडतो, मिरचीचा ठसका उडतो, गॅसच्या ज्योतीतूनही नायट्रोजन ऑक्साइडचे वायू निघतात. काजळी काळी होती, दिसायची. हा तेलकट चिकटा पिवळा, कपाटाच्या वरच्या कडेला हात लावला तरच कळणारा. दिवाळीला डबे उतरवले म्हणजे बोटाला लागतो तो. मग खिडकीच्या वरच्या काचेत गोल भोक पाडून एक्झॉस्ट पंखा बसला. त्याची तेलानं माखलेली पाती आणि खाली भिंतीवर आलेले ओघळ ज्यानं पाहिले नाहीत असा चाळिशीच्या पुढचा माणूस नसेल. पंखा हवा बदलतो, पण कढईपासून चार हात लांब. तोवर तडका बैठकीत पोचलेला असतो.

त्यातून आली चिमणी. कढईच्या डोक्यावर झाकणासारखी टोपी आणि तिच्यात पंखा. अमेरिकेत असली यंत्रं 1930 च्या दशकात घरांत येऊ लागली होती. युरोपात या धंद्याचं एक गावच आहे, इटलीतलं फॅब्रियानो. तेराव्या शतकापासून कागदासाठी, पाणचिन्हासाठी नावाजलेलं हे गाव. तिथं 1955 मध्ये फेबर आणि 1970 मध्ये एलिका ही कंपनी निघाली, आणि जगभरच्या ओट्यांवरच्या टोप्या तिथनं जाऊ लागल्या. 1991 नंतर बाजार उघडला तशा त्या आपल्याकडे आल्या. एलिकाचा भारतातला पसारा तर पुण्याहूनच चालतो. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडायची हौसही त्याच सुमाराची. भिंत गेली म्हटल्यावर चिमणी चैनीची राहिली नाही.

मुलाच्या घरी ओटा नवा करायचा होता तेव्हा सून मला घेऊन दुकानात गेली. “आई, मला आवाज नसलेली हवी,” एवढीच तिची अट. विक्रेता मुलगा चुणचुणीत. एक चिमणी चालू करून त्यानं खाली कागद धरला, कागद टचकन जाळीला चिकटला. आवाजही अगदी कमी. “बाराशेचं सक्शन आहे काकू, तासाला बाराशे घनमीटर.” मी विचारलं, पाइप कुठाय? पाइप नव्हता. दुकानात सगळ्याच चिमण्या पाइपाशिवाय चालतात, हवा वरून मोकळी सुटते. गुऱ्हाळाचं धुराडं काढून चुलवण बघितल्यासारखं झालं हे.

मी तिथंच पाकिटाच्या मागं हिशेब मांडला. सुनेचं स्वयंपाकघर दहा बाय आठ, उंची दहा फूट धरा. आठशे घनफूट, म्हणजे साडेबावीस घनमीटरच्या जरा वर. खोलीची हवा तासाला दहा-पंधरा वेळा बदलली तरी 225 ते 340 घनमीटर झाले. फोडणीचा लोट जागच्या जागी पकडायचा तर याच्या दुपटीनं घ्या. बाराशे म्हणजे ती खोली तासात पन्नासांहून जास्त वेळा रिकामी करणं! बरं, ही बाराशे घनमीटर हवा सहा इंची पाइपातून काढायची तर तिला पाइपात ताशी पासष्टच्या वर किलोमीटर वेगानं पळावं लागेल. आणि भोक लहान पडलं म्हणून फिटिंगवाल्यानं पाइप चार इंचांवर आणला तर ताशी दीडशेच्या आसपास. तेवढी ती पळत नाहीच, पंखा नुसता किंचाळतो. लोकांना वाटतं आवाज मोटरचा. मोटरचा असतोच, आता बीएलडीसी मोटरी आल्यात त्या खरोखर शांत आहेत, पण घरात बसवल्यावर जो घोंघावतो तो बहुतेक वारा असतो, चिंचोळ्या पाइपातला आणि वळणावळणावर आपटणारा. पंख्याचा वेग दुप्पट केला की आवाज पंधराएक डेसिबलनं चढतो, आणि दहा डेसिबल चढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. त्यामुळे पत्रकावर 58 लिहिलंय की 62, यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. मोठी चिमणी घेऊन ती खालच्या वेगावर चालवावी आणि पाइपाला हात आखडता घेऊ नये.

विक्रेत्यानं ऐकून घेतलं आणि मग खरं सांगितलं, की तक्रारी येतात त्या बहुतेक फिटिंगच्या. घडीचा लवचीक पाइप न ताणता तसाच सोडलेला, आत सुरकुत्या, त्यात तेल साचतं. तीन-तीन कोपरे. काही जण तर पाइप बाहेर काढतच नाहीत, कोळशाची जाळी लावून हवा परत खोलीत सोडतात. वास थोडा मरतो, वाफ आणि उष्णता तिथंच. माळवदाच्या घरातला, भिंतीतून आडवा काढलेला पाइप मला आठवला.

सुनेनं साठ सेंटीमीटर रुंदीची घेतली, तिची शेगडी तेवढीच आहे. शेगडीपासून टोपी पासष्ट ते पंच्याहत्तर सेंटीमीटरवर बसते. आमच्याकडे सगळ्यांची उंची बेताची, म्हणून सत्तर. आतून ‘फिल्टरलेस’ घ्यायची की बॅफल पट्ट्यांची, यावर दोघींचं जमलं नाही. पहिलीत तेल फिरत्या पात्यांवरून उडून वाटीत जमतं आणि आत तापवून वितळवायचं बटण असतं. ते सोयीचं आहे, पण बिघडलं तर माणूस बोलवा. पट्ट्या आपल्या हातानं निघतात आणि गरम पाणी-सोड्यात धुता येतात. मी पट्ट्यांच्या बाजूची. शेवटी पट्ट्याच आल्या.

मग सोसायटी. इमारतीच्या दर्शनी भिंतीला भोक पाडू नये असा ठराव होता; पाइप मागच्या डक्टमध्ये काढा म्हणाले. डक्टमध्ये आधीच खालच्या चार मजल्यांचे पाइप तोंड उघडून बसलेले, सगळ्यांचा बांगडा आणि सगळ्यांचा लसूण तिथं एकत्र. शिवाय तिथवर जायचं तर पाइपाला दोन कोपरे आणि बारा फूट लांबी. मुलगा म्हणाला, जाऊ दे आई, सगळ्यांचं तसंच आहे. मी नाही जाऊ दिलं. स्वयंपाकघराची मागची भिंत दर्शनी बाजूला येत नाही, हे नकाशा काढून कमिटीला दाखवलं, अर्ज केला, दोन सभा बसले. परवानगी मिळाली. कोअर कटिंगवाला आला, त्यानं पाण्याची धार धरून सहा इंची भोक आरपार पाडलं, पाइप सरळ तीन फुटांत बाहेर. बाहेरचा वारा उलटा आत शिरू नये म्हणून झडप, बाहेरून पावसासाठी वाकडी टोपी.

आता ती दुसऱ्या वेगावर चालते आणि ओट्याशी उभं राहून साध्या आवाजात बोलता येतं. एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी लागते, नाहीतर ओढायला हवा येणार कुठून, हे मात्र घरात रोज कुणीतरी विसरतं. पट्ट्या धुवायचं काम ठरवून मुलाकडे दिलं आहे. पंधरवड्याला रविवारी तो त्या काढतो, बादलीत सोडा टाकून भिजत घालतो आणि तासाभरानं ब्रश घेऊन बसतो. परवा कुरकुरत होता की कोपऱ्यातलं तेल निघत नाही. मी त्याला जुना दात घासायचा ब्रश दिला.